विसंगत आकडा

स्कोकी, इलिनॉय
१८ सप्टेंबर २०२३

चि. सौ. सावनीस,

अनेक आशीर्वाद. तुम्ही चौघे फ्रिस्कोला सुखरूप पोहोचल्याचा सिद्धेशचा मेसेज मिळाला होता. त्यानंतर आपले दोनदा फोनवर बोलणे झाले. दोन्ही वेळा तू रडलीस आणि माझे सांगायचे राहून गेले. म्हणून हे पत्र. यापुढे आन्याच्या प्रकृतीविषयी जे बोलायचे ते कागदावर बोलू.

आधी वस्तुस्थिती क्रमाने मांडते. पहिली गोष्ट, जुलैत तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हा डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या साडीच्या दुकानात आन्या काउंटरवर कोपरे टेकून उभी होती. त्या कोपरांवर पिवळट गाठी होत्या. तू त्यांना डास चावल्याच्या खुणा म्हणालीस. डासाने दोन्ही कोपरांवर सारख्याच जागी चावावे, हे तुला खरे वाटले याचे मला नवल वाटते. दुसरी गोष्ट, घरी आल्यावर मी तिच्या टाचेच्या मागची शीर चाचपून पाहिली. ती नऊ वर्षांच्या मुलीच्या मानाने फार जाड होती. तिसरी, दुसऱ्या दिवशी इथे तिचे रक्त काढले आणि एकूण कोलेस्टेरॉल ५६० आले. या वयात ते १७०च्या वर जाऊ नये. त्यातली एक नळी तुझ्या परवानगीने मी माझ्या प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये ठेवली आहे. चौथी, माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा, चव्वेचाळिसाव्या वर्षी कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. तेव्हा त्या मरणाला कोणी नाव दिले नाही. आज मी देते. कोलेस्टेरॉलचा हा विकार आपल्या घराण्यात वंशपरंपरेने आलेला आहे. रक्तातले कोलेस्टेरॉल यकृताने उचलायचे असते, ते त्याला उचलता येत नाही आणि मग ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचत जाते.

तुमच्या तिथल्या डॉक्टरांनी जनुकीय चाचणी सुचवली आहे असे कळवलेस. ती अनावश्यक आहे. दोन महिने वाट पाहायची आणि शेवटी मी आज सांगते तेच ऐकायचे, यात मला अर्थ दिसत नाही. कोलेस्टेरॉल आतड्यातून शरीरात कसे शिरते आणि कसे बाहेर पडते, या एका प्रश्नावर मी चाळीस वर्षे काढली आहेत. स्वतःच्या बापाचा आजार मला ओळखता येतो. त्यांनी दिलेली गोळी मात्र आजच सुरू करा.

आता आहार. तूप, लोणी, साय, चीज, अंड्याचा बलक पूर्ण बंद. स्वयंपाक कॉर्न तेलात. तीळ, जवस, शेंगदाणे आणि बदाम रोज, भरपूर. शिवाय वनस्पतींपासून काढलेले स्टेरॉल घातलेला स्प्रेड पोळीला दोन वेळा लावायचा. वनस्पतीचे स्टेरॉल दिसायला कोलेस्टेरॉलचे जुळे भावंड असते. आतड्याच्या दारात ते कोलेस्टेरॉलची जागा अडवून बसते आणि नंतर शरीर त्यालाही बाहेर हाकलते. हे काम माझ्याच गटाने केलेले आहे, म्हणून खात्रीने सांगते.

सिद्धेशला म्हणावे, तुपातल्या पुरणपोळ्या आता त्याने आठवणीतच खाव्यात. धाकटा ईशान अजून चारचाही नाही, त्याचे पुढच्या वर्षी पाहू. दर महिन्याला आन्याचा आकडा आणि तिचे खाणे नीट लिहून कळव. माया आहेच, शिस्तही तितकीच असू दे.

तुझी
पद्मिनीआत्या


फ्रिस्को, टेक्सास
३ डिसेंबर २०२३

ती. पद्मिनीआत्यास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा घाबरून, एकदा फ्रिज उघडा ठेवून त्याच्यासमोर उभं राहून, आणि एकदा सिद्धेशला मोठ्याने. तो म्हणाला की आत्यांनी वकील व्हायला हवं होतं. मग उठून तुपाची बरणी शेजारच्या लतिकाकडे देऊन आला. तूच जमवलेला जावई, तुझं नाही ऐकणार तर कुणाचं.

तू सांगितलंस ते सगळं सुरू आहे. तीळ, जवस, शेंगदाणे यांच्या चटण्यांनी फ्रिजचं एक शेल्फ भरलंय. शाळेत नट्स चालत नाहीत, त्यामुळे शेंगदाणे आणि बदाम घरी आल्यावर. आणि तो स्प्रेड! आन्याने त्याचं नाव ‘यलो ग्लू’ ठेवलंय. हे पद्मिनीआजीच्या लॅबमधलं आहे असं मी तिला सांगितलं, तर तिने शाळेत जाऊन माय ग्रँडमा इन्व्हेंटेड ग्लू असं जाहीर केलं. टीचरने मला ईमेल करून तुझं अभिनंदन कळवलंय. स्वीकार.

पण खाते हं आत्या. एवढी गुणी आहे की कधीकधी मलाच वाईट वाटतं. तिची मैत्रीण प्रीता, तिच्या बर्थडेला सगळी मुलं पिझ्झावर तुटून पडली होती आणि आमची बाई कागदी प्लेटमध्ये काकडी घेऊन बसलेली. प्रीताच्या आईने आग्रह केला तर मोठ्या बाईसारखी म्हणाली की आय हॅव अ कंडिशन.

आता वाईट बातमी. नोव्हेंबरचा आकडा ५७५ आला. गोळी रोज मी माझ्या हाताने देते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. डॉक्टर म्हणाले, डोस वाढवून बघू. दुसरं म्हणजे तिच्या नडग्यांवर आणि दंडांवर निळे डाग पडतायत, साधा धक्का लागला तरी. सॉकरच्या कोचने मला बाजूला घेऊन फार जपून विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. रक्तातल्या प्लेटलेट्स थोड्या कमी आहेत आणि आकाराने मोठ्या दिसतायत, असंही रिपोर्टमध्ये आहे. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

जानेवारीत नागपूरहून आई येतेय, पाच महिने राहील. बाबा गुडघ्यामुळे येत नाहीत. आई आली की मला जरा श्वास घेता येईल. ईशानने तिच्यासाठी आत्तापासून गेस्टरूममध्ये डायनोसॉर रचून ठेवलेत.

राग कमी आणि लोभ जास्त, असं प्रमाण यापुढे ठेवशील का? बघ जमलं तर.

तुझी
सावनी


स्कोकी
१५ डिसेंबर २०२३

चि. सौ. सावनीस,

आशीर्वाद. गोळी चालू, आहार चालू, आणि आकडा वर. या तीन विधानांपैकी एक असत्य आहे. आकडा मी पाहिला आहे, तो सत्य आहे. उरलेल्या दोहोंचा विचार तू कर.

तू मुद्दाम काही करतेस असे मी म्हणत नाही. परंतु नऊ वर्षांची मुलगी चोवीस तास तुझ्या नजरेसमोर नसते. मैत्रिणीच्या घरी, शाळेच्या कॅफेटेरियात, शेजारच्या लतिकाबाईंकडे, कुठेतरी गळती आहे. तिचा गुणीपणा मला सांगू नकोस. मुले आईसमोर गुणीच असतात.

निळ्या डागांविषयी : सॉकर खेळणाऱ्या मुलीच्या नडग्या निळ्याच असतात. प्लेटलेट्स कोणत्याही सर्दीतापाने खाली येतात. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला मुख्य विषयाशी जोडायला गेलीस तर मुख्य विषय हातून सुटेल.

स्प्रेड दोन वेळांऐवजी तीन वेळा कर. वहिनी येत आहेत हे ऐकून आनंद झाला असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहिते. त्यांना स्वयंपाकघरात एकटे सोडू नकोस.

आन्याला माझा पापा. ग्लूच्या शोधाबद्दलचे अभिनंदन मिळाले. आजवरच्या सन्मानांत हा पहिला, जो मला न शोभणारा आहे.

तुझी
पद्मिनीआत्या


फ्रिस्को
१० मार्च २०२४

ती. वन्संना,

प्रतिमाचा वाकून नमस्कार. हे पत्र सावनीच्या नकळत लिहितेय. ती ऑफिसात, जावई ऑफिसात, पोरगी शाळेत, ईशान डे-केअरमध्ये, आणि मी या अवाढव्य घरात डिशवॉशरशी भांडत बसलेली. इथे समोरच्या घरातलं माणूस दिसायलाही कचऱ्याची गाडी येण्याचा दिवस उजाडावा लागतो, म्हणून म्हटलं नणंदेशीच चार शब्द बोलावे.

तुमचा हुकूमनामा फ्रिजवर लोहचुंबकाने लावलेला आहे. अक्षर नेहमीप्रमाणे मोत्यासारखं. मी तो रोज सकाळी वाचते आणि दिवसभर मोडते. आता बसल्या जागी उठू नका, पुढे ऐका.

जानेवारीत विमानतळावर पोरीला पाहिलं. रंग उडालेला, हातापायांवर काळेनिळे डाग, आणि ताट समोर आलं की शिक्षा ऐकल्यासारखा चेहरा. मी दोन दिवस तुमच्या पद्धतीने रांधलं. मग शेंगदाण्यांनी माझं पित्त खवळलं, म्हणून कूट-चटण्या बंद केल्या. तुमचं ते कॉर्नचं तेल कढईत पडलं की घरभर ऑइलपेंटचा वास सुटतो, म्हणून तेही बंद. तो पिवळा स्प्रेड मी चाखून पाहिला आणि डब्यासकट कचऱ्यात टाकला. सावनीला संशय नको म्हणून दर आठवड्याला नवा डबा उघडून अर्धा रिकामा करते. इंडियन स्टोअरमधून बिनमिठाचं लोणी आणलं, ते कढवलं, आणि तेव्हापासून फोडणी तुपाची, वरणभात तुपाचा, सकाळी दूधपोळी, शाळेतून आल्यावर ताजं पनीर. सावनी घरी यायच्या आत खिडक्या उघडून वास घालवते. या वयात चोरी शिकले वन्सं, तुमच्या कृपेने.

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारीत पोरीचं रक्त तपासलं, २४० आलं. पाचशे पंच्याहत्तरवरून! सावनी आनंदाने रडली. तिला वाटतंय तुमचा स्प्रेड उशिरा का होईना लागू पडला, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेय. कोपरांवरच्या गाठी मऊ पडल्यात, मी रोज आंघोळीच्या वेळी हात लावून पाहते. नडग्यांवरचे डागही गेले.

मी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, तुमचं शास्त्र मला ओ की ठो कळत नाही. तूप चांगलं असंही माझं म्हणणं नाही. पण हे असं उलटं का झालं, ते तुम्ही बघा. खरंच विचारतेय, टोमणा नाही. टोमणा हा पुढे : माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या सणाला तुम्ही माझा साखरभात स्वैपाकघरातल्या काट्यावर ठेवून त्यात तूप जास्त असल्याचं सिद्ध केलं होतंत. आता हा आकडा ठेवा काट्यावर आणि काय ते सिद्ध करून कळवा.

तब्येत सांभाळा. रागावलात तरी माहेरचा धागा तोडू नका, एवढं मागते.

तुमची
प्रतिमा


स्कोकी
२ एप्रिल २०२४

चि. सौ. सावनीस,

आशीर्वाद. सोबत तुझ्या आईच्या पत्राची प्रत जोडली आहे. ती वाचून मगच पुढे वाच. त्यांना मी उत्तर देणार नाही. घर तुझे आहे आणि मूलही तुझे.

२४० हा आकडा मी विचारात घेत नाही. तू पाठवलेल्या अहवालावर पाहिले तर ती तपासणी नेहमीच्या लॅबमध्ये झालेली नाही. नमुना बिघडला असेल, नळ्यांची अदलाबदल झाली असेल, कारण काहीही असो. सर्व आकडे एका रेषेत असताना एकच रेषेबाहेर पडतो, तेव्हा त्या विसंगत आकड्याला बाजूला ठेवायचे असते. हे मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवते. मूल तूप खाते आणि त्याचे कोलेस्टेरॉल निम्म्याहून खाली येते, असे मानायचे तर माझ्या विषयातले आजवरचे सर्व ज्ञान रद्द करावे लागेल. एका हट्टी बाईच्या स्वयंपाकासाठी मी ते करणार नाही. गाठी मऊ पडल्या हे त्यांच्या बोटांना वाटले. बोटे हे मोजमापाचे साधन नव्हे.

तुपाचा प्रत्येक चमचा तिच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत जाऊन बसला आहे आणि तो तिथून परत येत नाही. तीन महिने तुझ्याच छताखाली हे चालले आणि तुला वासही आला नाही. उद्या तिला काही झाले, तर ते कोणाच्या हाताने झाले हे शोधायला तुला दूर जावे लागणार नाही.

वहिनींचे परतीचे तिकीट अलीकडचे करून घे. आहार पूर्ववत, स्प्रेड दिवसातून चार वेळा.

मी कठोर लिहिते आहे याची मला जाणीव आहे. मुलीची काळजी तुम्हा सर्वांपेक्षा मला कमी आहे असे मात्र समजू नकोस.

तुझी
पद्मिनीआत्या


फ्रिस्को
१७ नोव्हेंबर २०२४

ती. पद्मिनीआत्या यांस,

नमस्कार. आन्याला जाऊन महिना होत आला. फ्युनरलला तुम्ही आला होतात, शेवटच्या रांगेत उभ्या होतात, मी पाहिलं. बोलले नाही. आत्ताही बोलायला नाही, कळवायला लिहितेय, कारण सगळं कागदावर असावं असं तुम्हीच सांगितलं होतंत.

त्या शनिवारी सॉकरची मॅच होती. ती बॉलच्या मागे धावतसुद्धा नव्हती, लाइनवर उभी होती, मोजे वर ओढायला वाकली आणि तशीच पडली. सगळ्यांना वाटलं की नाटक करतेय. कोच धावले, हृदयाला शॉक द्यायचं मशीन लावलं, ॲम्ब्युलन्स लगेच आली. कुणाची काही चूक नव्हती. पोस्टमॉर्टेममध्ये लिहिलंय की हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या सत्तरीच्या माणसासारख्या अरुंद होत्या. उन्हाळ्यापासून आकडा सहाशेच्या वर होता, ते तुम्हाला माहीतच आहे.

तुमचं एप्रिलचं पत्र माझ्या पर्समध्ये असतं. तुम्ही लिहिलंत तसंच झालं. तीन महिने ती माझ्या स्वैपाकघरात तूप खात होती आणि मी ऑफिसातून येऊन विचारायची की आज घरात एवढा गारवा का, खिडक्या का उघड्या. आईला एप्रिलमध्ये एअरपोर्टवर सोडलं तेव्हा मी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. आता ती रोज फोन करते. मी उचलत नाही. बाबा म्हणतात की ती जेवत नाही. तिने काय खावं ते आता मी कसं सांगू?

सिद्धेश माझ्यासमोर जेवत नाही. तुमचा नंबर त्याने घरातल्या सगळ्या फोनवर ब्लॉक केलाय.

ईशानचं रक्त तपासलं. ४९० आहे. त्याच्या बाबतीत माझ्याकडून चूक होणार नाही. मी जॉब सोडला. त्याचं सगळं मी स्वतः करते. तीळ, शेंगदाणे, जवस, बदाम, काही चुकत नाही. डे-केअर बंद केलं, कुणी काही देईल म्हणून. स्प्रेड चार वेळा सांगितला होतात, मी पाच वेळा देते. तो त्याला ग्लू म्हणत नाही. दीदीचं बटर म्हणतो आणि मागून मागून खातो.

फोन करू नका, येऊ नका. आता पत्रंही नकोत. तुम्ही सांगितलेलं सगळं मी पाळतेय, त्याहून जास्त सांगण्यासारखं तुमच्याकडे काही उरलं नसेल.

सावनी


स्कोकी
९ जानेवारी २०२५

चि. सौ. सावनी,

पत्र नको म्हणालीस, तरी लिहिते आहे. हे कुरियरने पाठवते आहे. दुसरी प्रत सिद्धेशच्या ऑफिसच्या पत्त्यावर आणि तिसरी शेजारच्या लतिकाबाईंकडे. तिघांपैकी कोणीही आधी वाचले तरी चालेल.

हा कागद हातात असतानाच ईशानला तो स्प्रेड देणे बंद कर. तीळ, शेंगदाणे, जवस, बदाम, कॉर्न तेल, सर्व बंद. आत्ताच्या जेवणापासून. कारण पुढे सांगते; ते पटले नाही तरी आधी बंद कर.

माझ्या विभागाने मला आन्याच्या स्मरणार्थ एक व्याख्यान द्यायला सांगितले होते. विषय आपल्या घराण्याचा आजार. त्यासाठी एक आलेख हवा, म्हणून फ्रीझरमधली तिची नळी काढून तिच्यातले स्टेरॉल मी एकेक वेगळे करून मोजले. दवाखान्यातली साधी तपासणी हे करत नाही. तिला कोलेस्टेरॉल आणि वनस्पतीचे स्टेरॉल यांतला फरक कळत नाही. ती दोघांची बेरीज करून तिला कोलेस्टेरॉल म्हणते. निरोगी माणसाच्या रक्तात वनस्पतीचे स्टेरॉल जवळजवळ नसते, कारण आतडे त्याला परत बाहेर ढकलते. आन्याच्या आलेखावर, जिथे सपाट रेषा असायला हवी होती तिथे, उंच सुळके आले. मला वाटले यंत्र बिघडले. यंत्र तपासले, पुन्हा मोजले, मग माझे स्वतःचे रक्त घालून पाहिले. माझी रेषा सपाट आली.

तिचे आतडे ते बाहेर ढकलू शकत नव्हते. हा वेगळा आजार आहे, दुर्मिळ आहे, आणि वरवर पाहता हुबेहूब मी सांगितलेल्या आजारासारखा दिसतो. सहज पडणारे निळे डाग आणि मोठ्या आकाराच्या प्लेटलेट्स ही त्याची खूण आहे. तू ती मला लिहून विचारली होतीस. साध्या गोळीचा त्यावर उपयोग होत नाही. तीळ, दाणे, तेले आणि सर्वांत जास्त तो स्प्रेड, हे अशा मुलाच्या रक्तात साचत जाते. ते मी लिहून दिले. आकडा चढला तसे वाढवून दिले. डॉक्टरांनी सुचवलेल्या चाचणीत हे कळले असते; तिला मी अनावश्यक म्हटले. माझ्या वडिलांना हा आजार नव्हता. हा दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच हा आजार होतो. सिद्धेशची आजी आणि माझी आई चुलत बहिणी होत्या, आणि रक्त ओळखीचे आहे असे म्हणत हे लग्न मी जमवले.

आन्या तुपाने गेली नाही. ते तीन महिने ती बरी होत होती. २४० हा आकडा खरा होता. त्या संपूर्ण कागदावर तोच एक मी खोडला. तूप औषध होते असाही अर्थ काढू नकोस. वहिनींनी स्वतःच्या पित्तासाठी आणि तेलाच्या वासासाठी जे ताटातून काढले, ते काढल्यामुळे ती सुधारली. ताटात ते पुन्हा वाढायला मी लावले. तू फसवले नव्हतेस, तिनेही नाही. गळती कुठेच नव्हती.

वहिनींना काल नागपूरला फोन करून हे सर्व सांगितले. मला वाटले, त्या बोलतील, आणि त्यांनी बोलावे अशी माझी तयारी होती. ईशान आज काय जेवला एवढेच त्यांनी विचारले. तू त्यांचा फोन उचल.

आता तुला काय करायचे आहे ते. ईशानच्या रक्तात वनस्पतीचे स्टेरॉल वेगळे मोजून हवे, असे या शब्दांत तुमच्या डॉक्टरांना सांग. जनुकीय चाचणीही मागून घे. मी त्यांना फोन केला होता, आलेख पाठवला आहे. पालकांनी मागितल्याशिवाय काही करता येणार नाही असे ते म्हणाले, आणि ते बरोबर आहे. त्याला हाच आजार निघाला तर त्यावर निराळी गोळी आहे, ती आतड्यातच दार लावून घेते. ती आणि योग्य आहार यांवर अशी मुले मोठी होतात, म्हातारी होतात. ईशानच्या रक्तवाहिन्यांना अजून फार काही झालेले नसेल, पण पाच वेळा स्प्रेड खाणाऱ्या मुलाबाबत मी हे खात्रीने लिहू शकत नाही.

रक्त माझ्याकडे पाठवू नकोस. माझ्या शब्दावर विश्वासही ठेवू नकोस. तो ठेवलास त्याचे काय झाले ते तुझ्या घरात आहे. दुसऱ्या माणसाकडून, दुसऱ्या यंत्रावर मोजून घे. मी चुकले असे निघाले तर मला ते हवेच आहे.

तू मला आता तुम्ही म्हणतेस, ते वाचले. त्यावर मी काही म्हणत नाही, आणि या पत्राच्या शेवटी लोभ मागत नाही. उत्तर मात्र मागते, आणि ते मला लेखी हवे : ईशानचा स्प्रेड कोणत्या दिवशी बंद केला, रक्त कुठे दिले, आणि आज त्याने काय खाल्ले. मला जे काही सुनावायचे असेल ते वेगळ्या कागदावर लिही, तोही मी वाचेन. ईशानच्या उत्तराचा कागद फक्त त्याच्यासाठी ठेव, आणि आधी तो पाठव.

पद्मिनी